वेल्डिंगला वर्षभर कशाला शिकायचं?

प्रश्न : माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या मुलाने बारावीनंतर तिथल्या ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये वेल्डिंगला प्रवेश घेतला आहे. अभ्यासक्रम म्हणे दोन वर्षांचा! आमच्या उद्यमनगरात पोरं मेस्त्रीच्या हाताखाली सहा महिन्यांत गेट आणि ग्रिल जोडायला लागतात. मग दोन वर्षं शिकवतात तरी काय? आपल्याकडे असं कॉलेज असतं का? माझ्या मुलाची दहावी झाली आहे आणि त्यालाही वेल्डिंगचीच ओढ आहे. पण ‘त्यानं डोळे जातात’ म्हणून घरातून विरोध आहे. काय करावं?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपलं पत्र वाचून आधी थोडं हसू आलं. ‘दोन वर्षं शिकवतात तरी काय’ या वाक्यात उद्यमनगराचा सगळा स्वाभिमान उतरला आहे, आणि तो काही पोकळ नाही. कसबी कारागीर म्हादबा मेस्त्रींच्या गावात ‘हातानं काम करून शिकता येत नाही’ असं कोण म्हणेल? पण सहा महिने आणि दोन वर्षं ही तुलना करताना एक घोटाळा झाला आहे. तो आधी सोडवू.

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे त्या त्या भागातल्या रहिवाशांसाठी चालवलेलं, कमी फीचं, बहुतेकांना दार उघडं असलेलं महाविद्यालय. इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ मध्ये सुरू झालेलं कॉलेज या जातीचं पहिलं मानतात. तिथे नर्सिंगपासून मोटार दुरुस्तीपर्यंत काय वाटेल ते शिकता येतं, आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्गही असतात. वेल्डिंगचं म्हणाल तर नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर काही महिन्यांत, फार तर वर्षभरात ते मिळतं. दोन वर्षं लागतात ती ‘असोसिएट’ पदवीला. तीत वेल्डिंगबरोबर गणित, इंग्रजी, थोडं विज्ञान असे विषय असतात आणि पुढे चार वर्षांच्या पदवीकडे वळायची वाट खुली राहते. म्हणजे आतेभावाचा मुलगा दोन वर्षं सलग रॉड जाळत बसणार नाही. बराच वेळ तो वर्गातही असेल.

आपल्याकडे ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणलं. पुढे २०१३-१४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांसाठी त्याची योजनाही काढली. पण वेल्डिंगचं खरं घर आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी बांधलं गेलं होतं. केंद्र सरकारची शिल्पकार प्रशिक्षण योजना १९५० ची. तिच्यातून ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या त्यांनाच आपण आयटीआय म्हणतो. कळंबा रस्त्यावरची शासकीय आयटीआय आपण शंभरदा पाहिली असेल. आतेभावाच्या मुलाने जे शोधलं, त्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट ती. तिथला वेल्डर हा व्यवसाय, तिथल्या भाषेत ‘ट्रेड’, एक वर्षाचा आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार आठवी पास मुलगाही त्याला पात्र ठरतो. दहावीवाल्याला तर काहीच अडचण नाही.

आता मूळ शंकेकडे येऊ. सहा महिन्यांत गेट जोडणाऱ्या पोराला नेमकं काय येतं?

त्याला टेबलावर आडव्या ठेवलेल्या अँगलला अँगल जोडता येतो. त्याच्या हातात बहुतेक वेळा एकच रॉड असतो, ६०१३ नंबरचा. हा रॉड फार समजूतदार. पटकन पेटतो, हात थोडा हलला तरी सांभाळून घेतो, आणि वरची खपली हातोडीच्या एका टोल्यात सुटते. मेस्त्रीने मशिनचा करंट लावून दिलेला असतो. जोड तुटलाच तर फार तर फाटक लटकतं. हे काम वाईट नाही, गावाला त्याची गरज आहे, आणि त्यावर चांगलं पोट भरतं. पण वेल्डिंगच्या विद्येतला तो पहिला धडा आहे.

आता त्याच पोराला त्या नंबरचा अर्थ विचारून पाहा. पहिले दोन आकडे जोडाची ताकद सांगतात. ६० म्हणजे दर चौरस इंचाला किमान ६० हजार पौंडांचा ताण सोसणारा जोड. तिसरा आकडा १ असेल तर तो रॉड आडवा, उभा, डोक्यावर, कसाही चालतो. शेवटच्या आकड्यावरून वरच्या मुलाम्याची जात आणि त्याला कोणता करंट लागतो ते कळतं. ७०१८ हा दुसरा नेहमीचा रॉड. पूल, क्रेन, दाबाच्या टाक्या अशा जोखमीच्या कामाला तो लागतो, आणि तो अजिबात समजूतदार नाही. त्याच्या मुलाम्याला हवेतला दमटपणा सोसत नाही. कोल्हापूरच्या जुलै महिन्यात पुडा फोडून दोन दिवस उघडा ठेवला तर मुलामा ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो, आणि जोड गार झाल्यावर, कधीकधी तर दुसऱ्या दिवशी, आतून चीर जाते. बाहेरून सगळं छान दिसतं. म्हणून हा रॉड आधी तीनशे-साडेतीनशे अंशांच्या भट्टीत तास-दोन तास भाजून घेतात आणि गरम ठेवलेल्या डब्यातून एकेक काढून वापरतात. ‘रॉड भाजायचा’ हे वाक्य ग्रिलच्या दुकानात उच्चारलं तर लोक आपल्याकडे वेड्यासारखं बघतील. तिथे त्याची गरजही नाही. बॉयलरच्या कामात मात्र न भाजता वापरला तर वेल्डरलाच बाहेर काढतील.

म्हणजे शिकायचं काय, तर पोलाद वितळताना आणि गोठताना आत काय होतं ते. ठिणगीच्या जागी तापमान पाच-सहा हजार अंशांच्या घरात जातं. पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास पुरे. म्हणून धातू वितळवणं ही अडचण कधीच नसते. ती उष्णता हवी तेवढीच, हवी तिथेच ठेवणं ही अडचण. त्यासाठी वेल्डरच्या हातात चार गोष्टी असतात : करंट, रॉडच्या टोकाचं कामापासूनचं अंतर, रॉडचा कोन आणि हात पुढे सरकवायचा वेग. अंतर साधारण रॉडच्या तारेच्या जाडीएवढं हवं. सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला करंट शंभर-सव्वाशे अँपिअरच्या आसपास. अंतर वाढलं की हवा आत घुसते आणि जोडात छिद्रं राहतात. वेग वाढला की धातू वरच्यावर बसतो, तळापर्यंत मुरत नाही. करंट जास्त झाला की कडेने चर पडतो, आणि नेमका तिथूनच पुढे तडा जातो.

हे पुस्तकात वाचून अर्ध्या तासात कळतं. हाताला कळायला महिने लागतात, कारण काळ्या काचेतून दिसतं फक्त एक झगझगीत थेंबभर पाणी, आणि त्याच्या हालचालीवरून बाकी सगळं ओळखायचं असतं. गुऱ्हाळातला गुळव्या काहिलीतल्या बुडबुड्यांकडे बघून पाक उतरवायची वेळ सांगतो, तशी ही नजर आहे. ती सगळ्यांना येते, पण कुणालाच पहिल्या आठवड्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट मेस्त्रीकडचा मुलगा चटके खाऊन शिकतो आणि आयटीआयतला कारणासकट शिकतो. वितळलेला धातू गोठताना आक्रसतो आणि बाजूच्या पट्टीलाही ओढतो. गुणिया लावून अचूक बसवलेली चौकट वेल्डिंग झाल्यावर वाकडी झालेली आपण पाहिली असेल. लोक म्हणतात, ‘मेस्त्रीनं माप चुकवलं.’ बहुतेक वेळा माप बरोबर असतं, क्रम चुकलेला असतो. आधी चारी कोपऱ्यांना टॅक, म्हणजे छोटे टाके, मारायचे, मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून घ्यायचे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग धावत सुटायचं नाही. एवढ्यानंही निम्मं वाकणं टळतं.

आयटीआयतलं वर्ष साधारण १,२०० तासांचं असतं. त्यातले ८४० तास कार्यशाळेत जातात, २४० तास या व्यवसायाच्या सिद्धांताला आणि उरलेले रोजगार कौशल्यांना. शिवाय काही तास प्रत्यक्ष कारखान्यात. म्हणजे ‘आयटीआयत नुसती पुस्तकं घोकतात’ हा समज आपण सोडून द्यावा, दर दहा तासांतले सात तास हात काळे करण्यातच जातात. तुकडी वीसेक मुलांची. गॅस कटिंग, गॅस वेल्डिंग, रॉडचं आर्क वेल्डिंग, मग ज्याला उद्यमनगरात ‘सीओटू’ म्हणतात ते तारेचं वेल्डिंग, आणि ज्याला सगळे ‘आर्गॉन’ म्हणतात ते स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग, अशी चढण असते. वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. तिचा एक नियम मला फार आवडतो. लेखी विषयांत ३३ टक्के मिळाले तरी पास, प्रात्यक्षिकात मात्र ६० टक्के लागतात. आपल्या देशात हाताला डोक्यापेक्षा जास्त गुण मागणाऱ्या परीक्षा किती असतील?

कोल्हापूरच्या मुलाला यातला एक धडा बाकीच्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, तो बिडाचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्रींमधून जे ओतकाम निघतं त्यातलं बरंचसं बीड. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, बिडात तीन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे बिडाला साध्या रॉडने साध्या पद्धतीने जोडलं तर जोडाशेजारची पट्टी काचेसारखी कडक होते, आणि गार होताना ‘टक्’ आवाज करून तिथेच फुटते. नवशिक्या म्हणतो रॉड खराब. रॉडचा काही दोष नसतो. बिडाला आधी गरम करावं लागतं, निकेलचा रॉड लागतो, इंच-इंच एवढेच तुकडे घ्यायचे, प्रत्येक तुकड्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे, आणि शेवटी काम राखेत नाहीतर कोरड्या वाळूत पुरून हळूहळू थंड होऊ द्यायचं. महागडं ओतकाम एका छिद्रासाठी भंगारात जाण्यापासून वाचवणारा वेल्डर फाउंड्रीला सोन्यासारखा वाटतो.

साखर कारखान्यातला प्रकार याहून मजेशीर. उसाच्या गिरणीचे रोलर बिडाचे असतात. उसाने घासून घासून त्यांचे दात गुळगुळीत होतात आणि ऊस आत ओढला जात नाही. मग वेल्डर गिरणी फिरत असताना, रसाच्या ओलीत उभा राहून, त्या दातांवर कठीण धातूचे थेंब टाकत जातो. त्याला रोलर आर्किंग म्हणतात. आपण वर बिडाबद्दल जे जे नको म्हटलं ते सगळं इथे होतं, आणि तरी चालतं. कारण इथे दोन तुकडे जोडायचेच नसतात, फक्त खडबडीतपणा हवा असतो. नियम कशासाठी आहे हे कळलं की तो कुठे लागू नाही हेही कळतं. शाळेत जाऊन शिकण्याचा खरा फायदा मला यातच दिसतो.

आता प्रमाणपत्राबद्दलचा एक मोठा गैरसमज. पुष्कळ पालकांना वाटतं, आयटीआयचा कागद हातात आला की मुलगा ‘पक्का वेल्डर’ झाला, आता कुठेही उभा राहील. तसं नसतं. जोखमीच्या कामावर घेताना कंपनी त्याची नव्याने परीक्षा घेते, आणि ती माणसाची सरसकट परीक्षा नसते. कोणती पद्धत, कोणता धातू, किती जाडी आणि तुकडा कोणत्या स्थितीत ठेवला होता, तेवढ्यापुरतीच ती असते. सपाट टेबलावरची परीक्षा पास झालेल्याला डोक्यावरचं काम देत नाहीत. सगळ्यात अवघड मानतात ती ‘सिक्स जी’. पाइप ४५ अंशांत तिरका घट्ट बसवलेला असतो, तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरून वरून, बाजूने आणि खालून जोड पुरा करायचा. मग त्या जोडाच्या पट्ट्या कापून प्रेसमध्ये वाकवतात, नाहीतर एक्स-रे काढतात. आत छिद्र किंवा न मुरलेली रेघ दिसली की नापास, मग वरून जोड कितीही देखणा असो. सिक्स जी पास झालेल्याला पाइपच्या बाकीच्या स्थितींचीही मुभा मिळते, म्हणून जाहिरातींत ‘सिक्स जी वेल्डर पाहिजे’ असं लिहिलेलं दिसतं.

ही पात्रता जन्मभराचीही नसते. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संहितेनुसार एखाद्या पद्धतीने सहा महिने काम केलं नाही तर त्या पद्धतीची पात्रता संपते आणि पुन्हा चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे बॉयलरच्या कामासाठी १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांखाली वेल्डरची वेगळी परीक्षा असते. यात शासनाचा कागदी हट्ट काही नाही. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ६७, ८७, कुठे ११० किलोपर्यंत असतो. हंगाम संपल्यावर त्याच नळ्यांची दुरुस्ती करायची असते, आणि हंगाम सुरू झाला की त्यांच्या शेजारून माणसं ये-जा करत असतात.

डोळ्यांबद्दलची घरच्यांची शंका मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती सगळ्यात खरी आहे. वेल्डिंगच्या ठिणगीतून अतिनील किरण निघतात. ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला भाजतात. उन्हात कातडी भाजते तीच ही गोष्ट. फसवी बाब अशी की त्या क्षणी काहीच होत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं रात्री झोपताना, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपू लागतं, पाणी वाहतं, दिवा सोसत नाही. मग कुणी बटाट्याच्या चकत्या ठेवतं, कुणी दुधाच्या घड्या, कुणी तूप. गार पाण्याच्या पट्टीने बरं वाटतं ते गारव्यामुळे, बटाट्यात औषध नसतं. डोळ्याच्या आत मात्र काहीही घालू नये. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पडदा आपोआप भरून येतो. तरी डॉक्टरांना दाखवावं, आणि ‘बधिर करणारे थेंब’ स्वतःच्या मनाने मुळीच आणू नयेत, कारण त्यांनी जखम भरायला उशीर होतो. कॉन्टॅक्ट लेन्स ठिणगीने वितळून डोळ्याला चिकटते ही अफवा आहे, तशी ती चिकटत नाही.

म्हणजे नीट काम करणाऱ्याचे डोळे जात नाहीत. निष्काळजीपणा वर्षानुवर्षं चालला तर मात्र त्रास होतो. रस्त्यावर विकायला असलेला काळा गॉगल आर्कच्या कामाला चालत नाही. आर्कला साधारण १० किंवा ११ नंबरची काच लागते, गॅसला ५ ची चालते. डोकं, मान आणि चेहरा झाकणारा हेल्मेटवजा मुखवटा हवा, कारण तेच किरण गळ्यालाही भाजतात. हल्ली ठिणगी पेटताक्षणी आपोआप काळी होणारी काच मिळते. नवशिक्याला तिचा मोठा उपयोग, कारण मुखवटा खाली ओढताना रॉड जागेवरून हलत नाही. रॉडच्या खपल्या उडवताना आणि ग्राइंडर चालवताना साधा पारदर्शक चष्मा लावायला विसरू नये. डोळ्यात कण जाऊन होणाऱ्या जखमा बहुधा त्याच वेळी होतात.

डोळ्यांइतकीच काळजी धुराची घ्यायला हवी, आणि तिच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण बंद खोलीत, पत्र्याच्या टाकीत उतरून, पंखा न लावता तासन्‌तास काम करणं बंद करायचं कारण मात्र आहे. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर काम करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो जास्त गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. कामगार त्यावर दूध पितात. दुधाने तो ताप टळत नाही. जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढणं आणि वारा खेळता ठेवणं हाच उपाय.

आणि आता गूळ! शाहूपुरीच्या वाचकाला हे सांगायला जरा जपावंच लागतं, कारण शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही पेठ वसवली तीच मुळी गुळाच्या व्यापारासाठी. धुळीच्या, धुराच्या कामावरच्या माणसांना गुळाचा खडा देण्याची पद्धत देशभर आहे. ‘गुळानं छातीतली धूळ निघून जाते’ हा समज अगदीच हवेतला नाही. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यांत गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुफ्फुसांतून कोळशाची आणि सिलिकाची धूळ लवकर सरकताना दिसली. पण उंदीर म्हणजे वेल्डर नव्हे, आणि कोळशाची धूळ म्हणजे वेल्डिंगचा धूर नव्हे. तेव्हा मुलाने गूळ खुशाल खावा, आपला माल आहे. मात्र गुळाचा खडा तोंडात टाकून धुरात तोंड घालू नये.

एक धोका पत्रात आलेला नाही, तो मीच सांगतो. वेल्डिंगच्या मशिनला ‘व्होल्टेज कमी असतं, त्यामुळे शॉक लागत नाही’ असं दुकानात ऐकू येतं. खरं आहे की मशिन २३० व्होल्टचे साठ-ऐंशी करून देतं. कोरड्या हाताला, कोरड्या बुटात त्याचं फारसं काही वाटत नाही. पण पावसाळ्यात घामाने आणि पावसाने भिजलेला माणूस ओल्या लोखंडावर बसून रॉड बदलत असेल तर तेवढ्यानं जीव जाऊ शकतो. कोरडे चामडी हातमोजे, अखंड आवरणाचा होल्डर आणि पायाखाली कोरडी फळी यांना पर्याय नाही.

राहता राहिला प्रश्न, काय करावं हा. माझं मत विचाराल तर मुलाला आयटीआयला घालावं आणि मेस्त्रीकडचा रस्ताही बंद करू नये. आयटीआयतून त्याला कारणं कळतील, उद्यमनगरात वेग येईल. वर्ष झालं की थेट नोकरीपेक्षा आधी शिकाऊ उमेदवारी पाहावी. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआयवाल्याचं विद्यावेतन महिना किमान ७,००० रुपयांपासून धरलेलं होतं. रक्कम मोठी नाही, पण मोठ्या कारखान्याची शिस्त, तपासणीची पद्धत आणि चांगल्या मशिन्स फुकटात हाताळायला मिळतात. पुढे पाइप किंवा टिग यांत हात बसला आणि आणखी वर जायची इच्छा झाली, तर तिरुचिरापल्लीला भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कंपनीची वेल्डिंग संशोधन संस्था आहे, तिथेही वेल्डरसाठी प्रशिक्षण चालतं.

कुणी म्हणेल, रोबोट आल्यावर वेल्डर कशाला? मोटारीच्या कारखान्यात एकाच जागी, एकाच मापाचे हजारो भाग जोडायचे असतात, तिथे रोबोट आला आणि तो जाणारही नाही. पण कारखान्याच्या तळघरात, दोन नळ्यांच्या मधल्या वीतभर जागेत, फाटलेली नळी पाहून तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा असेल तर रोबोटला आत जायलाच जागा मिळत नाही.

आपल्या ओळखीतले जे मेस्त्री वर्षानुवर्षं उत्तम काम करतात पण हातात कागद नाही, त्यांनाही एक सुचवावंसं वाटतं. पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देणारी केंद्राची योजना आहे, आणि पुरेसा अनुभव असलेल्याला खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेलाही बसता येतं. अटी आयटीआयच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात.

महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन होतात. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि लागू असेल तर जातीचा दाखला आतापासूनच एका फाइलमध्ये लावून ठेवा. पसंतीक्रम भरताना नुसतं ‘वेल्डर’ पाहू नका. पाइप, स्ट्रक्चरल, फॅब्रिकेशन, मिग-टिग अशा नावांचे वेगळे ट्रेडही यादीत असतात आणि प्रत्येक संस्थेत सगळे नसतात. अर्ज भरण्यापूर्वी मुलाला आणि त्याच्या आईलाही घेऊन एकदा कळंब्याला जाऊन या. निदेशकांची परवानगी काढून वेल्डिंगच्या विभागात उभं राहा, मुलांनी मुखवटे लावले आहेत का आणि धूर बाहेर ओढणारा पंखा चालू आहे का, एवढं बघा. त्या दोन गोष्टी जागेवर असतील तर घरातला विरोध बहुतेक तिथेच मावळेल.